सलामीला जाणाऱ्या कप्तानाची दहा मिनिटं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. जिल्ह्याच्या १९ वर्षांखालील संघात तू सलामीला खेळतोस. यंदा कप्तानी मिळाली आणि पहिल्या तीन सामन्यांत मिळून चाळीसच धावा झाल्या. घरचे म्हणतात कप्तानी सोड, प्रशिक्षक म्हणतात चौथ्या क्रमांकावर ये. तुला जाणून घ्यायचंय की सुनील गावसकरला ही दोन्ही कामं एकत्र कशी झेपली, आणि कप्तान म्हणून तो भित्रा, बचावात्मक होता असं म्हणतात त्यात तथ्य किती.

मी आधी कांगा लीगमध्ये पावसाळी, ओल्या विकेटवर नवा चेंडू खेळलो आणि आता पस्तीस वर्षं मुंबईच्या मैदानांवर सलामीची पोरं तयार करतोय. त्यात कप्तान झालेलीही बरीच होती. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. लांबण लागेल, पण पूर्ण वाच.

आधी आकडे बघू, कारण ते बहुतेकांना माहीत नसतात. गावसकर १२५ कसोटी खेळला, १०,१२२ धावा, सरासरी ५१.१२, शतकं ३४. त्यातल्या ४७ कसोटींत तो कप्तान होता. त्या ४७ कसोटींत ३,४४९ धावा, सरासरी ५०.७२, शतकं ११. म्हणजे कप्तानीचं ओझं डोक्यावर असताना आणि नसताना त्याच्या बॅटीत फरक जवळजवळ शून्य. आता दुसरा आकडा. त्या ४७ पैकी ९ सामने जिंकले, ८ हरले आणि ३० अनिर्णित राहिले. तुझ्या प्रश्नाचे दोन्ही भाग या दोन आकड्यांत आहेत. माझं म्हणणं असं की ते वेगळे नाहीतच. ज्या स्वभावाने त्याला नव्या चेंडूपुढे सहा-सहा तास उभं केलं, तोच स्वभाव त्याच्या कप्तानीतही होता. आधी हरण्याची दारं बंद करायची, मग जिंकण्याचं बघायचं.

पण तुझी अडचण आत्ता धावांची आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

सलामीच्या कप्तानाला कप्तानी जड जाते ती मैदानावर नाही, दोन डावांमधल्या दहा मिनिटांत. प्रतिस्पर्ध्यांचा शेवटचा गडी बाद झाला की मधल्या फळीतला कप्तान निवांत पाणी पितो, गोलंदाजांच्या पाठीवर थाप मारतो, खुर्ची घेऊन बसतो. तुला मात्र दहा मिनिटांत पॅड बांधून परत यायचंय. त्यातच रोलर कोणता फिरवायचा, जड की हलका, हे फलंदाजी करणाऱ्या कप्तानाला सांगावं लागतं. तो फार तर सात मिनिटं फिरतो, म्हणजे निर्णय लगेच हवा. तेवढ्यात एखादा गोलंदाज रुसलेला असतो, कुणाचं बोट सुजलेलं असतं, व्यवस्थापक सहीसाठी कागद पुढे करत असतो.

माझ्याकडचा एक मुलगा, शाळेच्या संघाचा कप्तान, आझाद मैदानावर खेळत होता. समोरचा संघ चहापानाच्या आधी सर्वबाद झाला. मी तंबूच्या कोपऱ्यात उभा राहून फक्त बघत होतो. डाव्या पॅडचा वरचा पट्टा लावता लावता तो रोलरवाल्याशी बोलत होता. पट्टा अर्धा लावून उठला, यष्टिरक्षकाला दोन शब्द सुनावले, परत बसला, उजवा पॅड बांधला. डावा पट्टा तसाच लोंबत राहिला. तिसऱ्या चेंडूवर पायचीत. परत आल्यावर मी एकच विचारलं, ‘चेंडू पडला कुठे?’ तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘सर, आठवत नाही.’ त्याचं तंत्र होतं तसंच होतं, पाय नीट हलत होते. मन फक्त अजून तंबूत होतं. तुझ्या तीन सामन्यांतही असंच झालं असेल अशी मला दाट शंका आहे. तू लिहिलंयस की तिन्ही वेळा पहिल्या चार षटकांत बाद झालास, आणि तिन्ही वेळा आपलं क्षेत्ररक्षण आधी होतं.

आता याच ठिकाणी गावसकर बघ. १९८३ च्या जानेवारीत फैसलाबादला तो कप्तान होता. पाकिस्तानने ६५२ धावा केल्या. झहीर अब्बास, जावेद मियाँदाद, सलीम मलिक आणि इम्रान खान अशी चौघांची शतकं. एवढा वेळ हा माणूस उन्हात उभा, गोलंदाज फिरवून बघतोय, काहीच लागत नाहीये. मालिकेत आपण आधीच मागे. मग पॅड बांधून तो इम्रानसमोर गेला. त्या मालिकेत इम्रानने ४० बळी घेतले, चेंडू आत आणत होता तो बघणाऱ्यांनाही कळत नव्हता. आपला दुसरा डाव २८६ वर आटोपला आणि गावसकर १२७ वर नाबाद परतला. पहिला गेला आणि शेवटपर्यंत राहिला. सामना आपण दहा गड्यांनी हरलो, मालिका ३-० ने गेली आणि कप्तानीही. त्यामुळे या खेळीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या दृष्टीने सलामीच्या कप्तानाने शिकावी अशी त्याची सर्वांत मोठी खेळी हीच.

हे त्याला कसं जमत असेल? त्याच्या मनातलं मी सांगू शकत नाही, पण मैदानावर दिसणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली, तो स्लिपमध्ये उभा राहायचा. कसोटीत त्याचे १०८ झेल आहेत. लोक ते झेलांच्या दृष्टीने मोजतात, मी सलामीच्या फलंदाजाच्या दृष्टीने बघतो. स्लिपमध्ये उभ्या माणसाला खेळपट्टी दिवसभर वाचता येते. चेंडू यष्टिरक्षकाच्या छातीशी येतोय की गुडघ्याशी, कोणत्या टोकाकडून खाली राहतोय, जुना झाल्यावर थांबून येतोय का, हे मिड-ऑनवरून कळत नाही, पहिल्या स्लिपमधून कळतं. कप्तान म्हणून तिथे उभं राहणं आणि सलामीवीर म्हणून आपल्या डावाचा अभ्यास करणं, ही दोन कामं तिथे एकत्र होतात. तू कुठे उभा राहतोस? कव्हरला असशील तर उद्यापासून जागा बदल.

दुसरी गोष्ट, चेंडू सोडणं. ऑफस्टंप कुठे आहे याचं त्याचं भान इतकं पक्कं होतं की सोडलेला चेंडूही खेळल्यासारखा वाटायचा. डोकं शेवटपर्यंत चेंडूच्या रेषेत, हात मात्र आत ओढलेले. दमलेल्या, त्रासलेल्या कप्तानाचं पहिलं बिघडतं ते हेच. बॅट उगाच बाहेर जाते, कारण हातांना काहीतरी करायचं असतं. तुझ्या नेटमध्ये रोज चोवीस चेंडू असे खेळ की बॅट लावायचीच नाही, फक्त सोडायचे. मागे एका पोराला उभं कर आणि प्रत्येक चेंडूनंतर यष्टीपासून किती इंचांवरून गेला ते आधी तू सांग, मग त्याला विचार. दोन आठवड्यांत तुमची उत्तरं जुळायला लागतील.

चौथ्या क्रमांकाचं म्हणशील, तर त्यावर गावसकरच्या कारकिर्दीतच उत्तर आहे. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध तो चौथ्या क्रमांकावर आला. कप्तानी तेव्हा कपिलदेवकडे होती. धावफलकावर शून्य असतानाच माल्कम मार्शलने दोघांना घालवलं आणि सुनील खेळपट्टीवर पोचला तेव्हा चेंडू तितकाच नवा होता. त्या डावात त्याने नाबाद २३६ केल्या. त्याचं ते तिसावं शतक, ब्रॅडमनच्या २९ च्या पुढचं. तुझ्या वयोगटात, सकाळच्या दवात, चौथ्या क्रमांकावर जाऊन फार तर चार षटकं वाचतील. त्या चार षटकांसाठी संघाचा सलामीवीर घालवायचा का, हे तुमच्या सरांनाच विचार. तू सलामीला टिकतोस म्हणूनच निवडला गेलास ना?

आता त्याच्या बचावात्मक असण्याबद्दल. मी स्वतः सुनीलचा भक्त आहे, तरी जे आहे ते आहे. १९८१-८२ ला इंग्लंड इथे आलं. मुंबईची पहिली कसोटी आपण जिंकलो, इंग्लंडला दुसऱ्या डावात १०२ वर गुंडाळलं. नंतरच्या पाचही कसोटी अनिर्णित. बंगळूरला सुनीलने १७२ केल्या, त्यासाठी ७०८ मिनिटं घेतली. दोन्ही बाजूंनी षटकं इतकी संथ पडत होती की प्रेक्षक वैतागले. मालिका १-० ने खिशात आली, पण ते क्रिकेट बघवत नव्हतं. त्यातला कप्तानाचा वाटा नाकारून चालणार नाही.

पण हे असं का झालं, तेही समजून घे. एक म्हणजे त्याच्या हाती काय होतं. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, व्यंकट या फिरकी चौकडीवर आधीच्या कप्तानांनी सामने जिंकले. गावसकरच्या वाट्याला ती मावळतानाच आली. १९७९ संपेपर्यंत बेदी, प्रसन्ना आणि चंद्रा तिघांचीही कसोटी कारकीर्द आटोपली होती. उरला एकटा कपिल, आणि सोबत घावरी, दोशी. मेहनती माणसं, पण सपाट खेळपट्टीवर वीस बळी घ्यायला कमीच. दुसरं म्हणजे त्याने पाहिलेलं. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेल्या अजित वाडेकरला मुंबईने डोक्यावर घेतलं होतं. तीनच वर्षांनी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर ४२ सर्वबाद आणि ३-० असा मार खाल्ला, आणि त्यानंतर वाडेकर एकही कसोटी खेळला नाही. या सगळ्या दौऱ्यांत गावसकर ड्रेसिंग रूममध्ये होता. पराभवाची किंमत इथे कप्तान एकटा चुकवतो, हे त्याला पंचविशीतच कळलं असणार.

ती किंमत पुढे त्यालाही चुकवावी लागली, तीही जिंकल्यावर. १९७८-७९ ला तो नियमित कप्तान झाला. वेस्ट इंडीजविरुद्ध सहा कसोटींत त्याने ७३२ धावा केल्या, मुंबईतल्या २०५ धरून चार शतकं, आणि मालिका १-० ने घेतली. (त्यांचे बडे खेळाडू केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेत खेळायला गेलेले होते, हे खरं.) पुढच्याच इंग्लंड दौऱ्यावर कप्तान व्यंकटराघवन. तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस? त्याने त्या दौऱ्याच्या शेवटच्या कसोटीत, ओव्हलवर, चौथ्या डावात ४३८ चं लक्ष्य असताना २२१ केल्या. चेतन चौहानबरोबर सलामीलाच २१३ ची भागी. भारत ८ बाद ४२९ वर थांबला, नऊ धावा कमी. कप्तानी काढून घेतल्यावर आलेली ही खेळी आहे. तुला कप्तानी सोडायला सांगणाऱ्यांना आणि कप्तानी हा मान समजणाऱ्यांनाही ती ऐकव.

तो नुसता दारंच बंद करत बसायचा, हेही पूर्ण खरं नाही. त्याच वेस्ट इंडीज मालिकेत कलकत्त्याला दुसऱ्या डावात तो नाबाद १८२ आणि वेंगसरकर नाबाद १५७. दोघांची अभेद्य ३४४ ची भागी. १ बाद ३६१ वर त्याने डाव घोषित केला. स्वतःचं द्विशतक अठरा धावांवर होतं, पहिल्या डावातही शतक झालेलं. पाहुणे ९ बाद १९७ पर्यंत आले आणि एक गडी राहिला म्हणून सामना सुटला. अठरा धावांसाठी थांबला असता तर कुणी काही बोललं नसतं. आणि त्याच्याही आधी, १९७६ च्या जानेवारीत, बेदी दुखापतग्रस्त म्हणून ऑकलंडला त्याने पहिल्यांदा संघ सांभाळला तेव्हा शतक ठोकलं आणि सामना जिंकला. दुसऱ्या डावात प्रसन्नाने आठ बळी घेतले. गोलंदाज हाताशी असले की हा माणूस जिंकायलाही जायचा.

मग एकदा दोन्ही कामं एकमेकांवर आदळली. ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्याही बाबतीत कधीतरी तसं होईल.

१९८१ च्या फेब्रुवारीत मेलबर्न. मालिकेत आपण ०-१ ने मागे. आधीच्या पाच डावांत गावसकरच्या मिळून ४८ धावा. म्हणजे कप्तान अपयशी, सलामीवीर अपयशी, आणि दोघं एकच माणूस. दुसऱ्या डावात अखेर सूर लागला. चौहानबरोबर १६५ झाल्या, स्वतः ७० वर पोचला, आणि लिलीच्या चेंडूवर पंचांनी पायचीत दिलं. चेंडू बॅटीला लागून पॅडवर आला असं त्याचं ठाम म्हणणं. निघाला, पण लिलीशी शब्दाला शब्द झाला, आणि मागे वळून तो चौहानला बाहेर चल म्हणाला. दोघं सीमारेषेपर्यंत गेले. व्यवस्थापक दुराणी तिथे आडवे आले आणि त्यांनी चौहानला परत पाठवलं. ते आले नसते तर तो सामना तिथेच हातचा गेला असता. पुढे काय झालं बघ. ऑस्ट्रेलियाला १४३ हव्या होत्या, मांडी दुखावलेल्या कपिलने २८ धावांत पाच बळी घेतले आणि ते ८३ वर संपले. मालिका १-१.

पुढे गावसकरने त्या कृत्याबद्दल उघडपणे खेद व्यक्त केला. माझ्या मुलांना मी हा प्रसंग दर वर्षी सांगतो, कारण त्या क्षणी बाद झालेला होता सलामीवीर आणि निर्णय घेतला कप्तानाने. बाद झाल्यावर निदान पंधरा मिनिटं तू कप्तान नाहीस, असं ठरव. पॅड काढ, तोंड धू, तोवर कुणाला काही सांगायचं नाही, रागवायचं नाही, फलंदाजीचा क्रम बदलायचा नाही. ते उपकप्तान बघेल.

आणि एकदा त्याने सलामीची जागा स्वतः सोडली, तेही ऐक. १९८५ ला ऑस्ट्रेलियात झालेल्या एकदिवसीय सामन्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये तो कप्तान होता. श्रीकांत आणि शास्त्रीला सलामीला पाठवून तो स्वतः मधल्या फळीत आला. शिवरामकृष्णनसारख्या कोवळ्या लेगस्पिनरला त्याने हिमतीने वापरलं. एकही सामना न हरता, अंतिम सामन्यात मेलबर्नवरच पाकिस्तानला आठ गड्यांनी हरवून भारताने ती स्पर्धा जिंकली. त्यानंतर त्याने कप्तानी सोडली. म्हणजे खाली यायचं ते संघाकडे तुझ्याहून बरी जोडी असेल तर. आपल्या धावा होत नाहीत म्हणून नव्हे.

दुसऱ्यांचं झरझर सांगतो. ग्रॅहम गूचची सरासरी कप्तान असताना ५८ च्या वर, एरवी ३६ च्या आसपास. लॉर्ड्सवर आपल्याविरुद्धच्या ३३३ तो कप्तान असतानाच्या. ग्रॅम स्मिथ बावीसाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेचा कप्तान झाला आणि लगेचच्या इंग्लंड दौऱ्यात सलग दोन कसोटींत २७७ आणि २५९. उलट आपल्या रोहितला कसोटीत कप्तानी आणि सलामी एकत्र जड गेली. पण एकदिवसीय आणि टी-ट्वेंटीत त्याच दोन कामांतून त्याने २०२४ चा विश्वचषक आणि २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी आणली. तेव्हा कप्तानीने सलामीवीराची फलंदाजी मरतेच, असा काही नियम नाही.

आता पुढच्या सामन्यासाठी. रोलरचा निर्णय शेवटची जोडी खेळायला येईल तेव्हाच, मैदानावरच, उपकप्तानाशी बोलून टाक. गडी बाद झाला की रोलरवाल्याशी तो बोलेल. पॅड, ग्लोव्ह्ज, गार्ड सकाळीच एका खुर्चीवर क्रमाने लावून ठेव आणि त्या खुर्चीजवळ कुणी यायचं नाही हे संघाला आधी सांग. तुझा जोडीदार तयार असेल तर त्या दिवशी पहिला चेंडू त्याला खेळू दे. एक षटक समोरून बघायला मिळालं की मन तंबूतून बाहेर येतं. आणि आपल्याकडे मैदानावर म्हणतात तसा पहिला तास गोलंदाजाला दे.

पुढच्या सामन्यानंतर धावा किती झाल्या ते कळवू नकोस. रोलर कोणता घेतलास, आणि ज्या चेंडूवर बाद झालास तो कुठे पडून किती आत आला, तेवढं लिही.